कॅसलच्या हातात चेंडू द्यायचा की नाही?

अर्धाकोर्ट | १७ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

एनबीएमध्ये (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ऑल-स्टारची सुट्टी चालू आहे, दोन-तीन दिवस सामने नाहीत, म्हणून हा धागा काढतोय. डंक स्पर्धा (उडी मारून चेंडू रिंगमध्ये कोंबायची) सगळ्यांनी बघितली असेलच. मॅक मॅक्लंगने चारही डंकला पूर्ण पन्नास घेतले, त्यातला एक तर गाडीवरून, त्यामुळे सॅन अँटोनिओ स्पर्सचा नवखा स्टेफॉन कॅसल दुसरा आला. एरवी कुठल्याही वर्षी तो ही स्पर्धा मारून घेऊन गेला असता. आदल्या दिवशी रायझिंग स्टार्समध्ये (नवोदितांच्या स्पर्धेत) सर्वोत्तम खेळाडूही तोच. वीस वर्षांचं पोरगं दोन दिवसांत सगळ्या जगाला माहीत झालं.

पण मला डंकबद्दल बोलायचं नाही. दोन आठवड्यांपूर्वी स्पर्सनी डिॲरन फॉक्सला आणलं. ख्रिस पॉल आधीपासून आहेच, एकोणचाळिसाव्या वर्षी एकही सामना न चुकवता पहिल्या पाचात उतरतोय. म्हणजे चेंडू हातात ठेवून खेळ चालवणारे दोघं झाले. आणि कॅसल ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) आधीपासून सांगतोय की मी पॉइंट गार्ड, म्हणजे असाच खेळ चालवणारा, आहे. मग आता त्याने नक्की करायचं काय?

माझं मत विचाराल तर तो पॉइंट गार्ड नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. सहा फूट सहा इंच उंची, भरलेले खांदे, समोरच्याला अंगावर घेऊन आत घुसतो. पण बाहेरून थ्री (लांबून मारायचा तीन गुणांचा फटका) पडत नाही, टक्केवारी अठ्ठावीसच्या आसपास घुटमळतेय. असा माणूस चेंडू घेऊन उभा राहिला की समोरचा बचाव मागे सरकतो आणि वेम्बीला (आपला उंच सेंटर वेम्बन्यामा) हलायला जागा उरत नाही. त्यापेक्षा त्याला बचाव द्या, फास्ट ब्रेक द्या, पॉल बाकावर गेला की दुसरी फळी चालवायला द्या. बाकी वेळ चेंडू फॉक्सकडे. पटतंय का बघा.

पहाटेचा_गजर | १७ फेब्रुवारी, रात्री १०:०५

आलो, बसलो, पॉपकॉर्न घेतले. जुने स्पर्सवाले आता पार्करची गोष्ट काढणार.

जुनास्पर्स९९ | १७ फेब्रुवारी, रात्री १०:५२

काढणारच. का नाही काढायची?

टोनी पार्कर २००१ साली अठ्ठाविसाव्या क्रमांकावर आला. एकोणीस वर्षांचा, हडकुळा, बाहेरून मारता येत नव्हतं. हंगाम सुरू होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच कोच पोपोविचने त्याला पहिल्या पाचात टाकला. आणि टाकला म्हणजे लाड केले असं नाही. २००३ च्या अंतिम मालिकेत शेवटच्या सामन्याचा निकाल लागत होता तेव्हा पार्कर बाकावर होता, मैदानात स्पीडी क्लॅक्स्टन. त्याच उन्हाळ्यात स्पर्स जेसन किडच्या मागे लागले होते. म्हणजे करंडक जिंकून देणाऱ्या पोराच्या डोक्यावर दुसरा पॉइंट गार्ड आणून बसवायची तयारी होती. पोराने ते पचवलं आणि २००७ ला फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला.

मुद्दा एवढाच, की पार्कर थ्री शिकून मोठा झाला नाही. उलट शूटिंग कोच चिप एंगेलँडने त्याला थ्री सोडायला लावले आणि मधल्या अंतरावरचा फटका बसवून दिला. ज्याला आत घुसता येतं त्याच्या हातातून चेंडू काढून त्याला कोपऱ्यात उभं करणं म्हणजे त्याचं जे चांगलं आहे तेच झाकून ठेवणं. अर्धाकोर्टराव, तुमच्या योजनेत पोरगा दर रात्री वीस मिनिटं कोपऱ्यात उभा राहणार आहे.

वसईचा_विंग | १७ फेब्रुवारी, रात्री ११:१५

पार्करच्या काळात पूर्ण संघ मिळून सामन्यात पंधरा-वीस थ्री मारायचे. आज तेवढे अर्ध्या सामन्यात जातात. ते उदाहरण आता बाद झालं हो काका.

आणि कॅसलचं कौतुक जरा आवरा. हा ड्राफ्टच कमकुवत होता, हे वर्षभर आधीपासून सगळे बोलत होते. वासरांत लंगडी गाय शहाणी. पहिल्या क्रमांकाचा रिसाशे अटलांटात गुपचूप चांगलं खेळतोय, बचाव करतोय, थ्री कॅसलपेक्षा कितीतरी बरे पाडतोय, पण तो डंक करून टीव्हीवर येत नाही. (हो, मी अटलांटा हॉक्सवाला आहे. दिवे घ्या.)

आकडेमोड | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

वसईकर, गाय लंगडी असेल, पण ७ तारखेला शार्लटमध्ये तिने बाकावरून उठून ३३ गुण केले. सामना एका गुणाने गेला हे खरं.

थ्रीबद्दल मात्र मीही अर्धाकोर्टच्या बाजूने आहे. कारण ही अडचण आजची नाही. कनेटिकट विद्यापीठात तो एकच हंगाम खेळला, तिथेही टक्केवारी सव्वीसच्या पुढे फार गेली नाही. महाविद्यालयात रेषा जवळ असते, तरी! आशेला जागा एकच, फ्री थ्रो (फाउलनंतरचा मोकळा फटका). तिथे तो सत्तरीच्या वर आहे. ज्यांचा हातच मुळात बिघडलेला असतो त्यांचे फ्री थ्रो पन्नास-साठीत अडकतात. बेन सिमन्स आठवा. कॅसल त्या जातीतला नाही. याचा हात बरा आहे, फटका अजून बसलेला नाही.

जुनास्पर्स९९ | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

+१. आणि कवाय लेनर्ड कॉलेजात थ्रीमध्ये पंचवीस टक्के होता, स्पर्समध्ये पहिल्याच हंगामात सदतीसच्या वर गेला. आपल्याकडे हे घडतं.

वसईचा_विंग | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

आपल्याकडे घडत होतं. कवायला शिकवणारा एंगेलँड २०२२ पासून ओक्लाहोमात आहे.

पहाटेचा_गजर | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:११

टोला!!

नागपूरकर_कोच | १८ फेब्रुवारी, दुपारी ३:३५

शाळेतली पोरं शिकवतो, त्यामुळे टक्क्यांपेक्षा पाय आधी बघायची सवय लागली आहे. जरा विस्ताराने लिहितो.

पिक अँड रोल घ्या. वेम्बी वर येऊन स्क्रीन लावतो (म्हणजे राखणाऱ्याच्या वाटेत आडवा उभा राहतो), कॅसल त्याच्या खांद्याला घासून वळतो. आता कॅसलला राखणारा गार्ड स्क्रीनच्या वरून पाठलाग करत आला, तर आपलं काम झालं. कॅसल त्याला पाठीवर घेतो, वेग कमी करतो आणि त्याला तसाच मागे अडकवून रिंगपर्यंत जातो. वीस वर्षांच्या पोराला एवढा धीर क्वचित असतो, बहुतेक नवखे तिथे घाई करून चेंडू फेकून देतात. मग समोरच्या सेंटरला ठरवावं लागतं, याला अडवू की वेम्बीला. दोन्हीकडे मरण.

पण हल्ली त्याच्यामागे वरून कोणी येतच नाही. सगळे खालून जातात. स्क्रीनच्या मागून सरळ वळसा, आणि फ्री थ्रोच्या रेषेजवळ याची वाट बघत उभे. कारण मधल्या आठ-दहा फुटांत तो मारणार नाही, आणि मारला तर मारू दे, हा त्यांचा हिशेब. मग वेम्बीने लावलेल्या स्क्रीनचा उपयोग शून्य. हीच चाल पॉलच्या हातात द्या, कोणाची खालून जायची हिंमत होणार नाही. इथपर्यंत अर्धाकोर्ट बरोबर आहेत.

पुढचं मात्र पटत नाही. ज्याचा थ्री पडत नाही त्याला चेंडूपासून दूर ठेवला की अडचण सुटत नाही, नुसती जागा बदलते. कोपऱ्यात उभा केला की त्याला राखणारा माणूस रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात जाऊन बसतो. मग फॉक्स कुठून घुसणार? उलट चेंडू हातात असला तर निदान कोणालातरी त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. ज्याला मारता येत नाही असा माणूस चेंडूशिवाय जास्त महाग पडतो.

मी काय करेन: कॅसललाच स्क्रीन लावायला सांगेन. फॉक्स चेंडू घेऊन, कॅसल स्क्रीन लावून मध्ये सुटतो, फ्री थ्रोच्या रेषेवर पास घेतो. आता समोर एकटा सेंटर, डावीकडे-उजवीकडे मारणारे, वर वेम्बी. तिथून त्याला जे येतं तेच सगळं करायचं आहे, घुस, टाक, किंवा पास दे. आणि चेंडू पलीकडच्या बाजूला असेल तेव्हा कोपऱ्यात नाही, बेसलाइनला रिंगजवळ. उडी आहे ना त्याच्याकडे, परवा सगळ्या जगाने बघितली.

अर्धाकोर्ट | १८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

कोच, स्क्रीनची कल्पना झकास आहे. पण तुम्ही जे सांगताय ते पॉइंट गार्डचं काम नाही, फॉरवर्डचं आहे. म्हणजे आपण दोघं एकच बोलतोय.

आणि 'त्याला चेंडू द्या, शिकेल' याचा अनुभव आपण घेतलेला आहे. २०२३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा जेरेमी सोहानला पॉइंट गार्ड केलं होतं. वेम्बीचं पहिलं वर्ष, आणि त्याला पास देणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा ते काम करतोय. जानेवारीत ट्रे जोन्सला परत आणल्यावर कुठे श्वास घेता आला. ते वर्ष ६० पराभवांचं होतं. पुन्हा तीच शाळा नको.

नागपूरकर_कोच | १८ फेब्रुवारी, रात्री ८:०४

सोहान मुळात फॉरवर्ड, त्याच्या गळ्यात ते काम घातलं. हा लहानपणापासून चेंडू हाताळत आलाय. दोन्ही एका मापाने मोजू नका.

आकडेमोड | १८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. कनेटिकटमध्ये त्याच्या हातात चेंडू नव्हताच! तिथे खेळ चालवायचा ट्रिस्टन न्यूटन, मारायचा कॅम स्पेन्सर. कॅसल एवढा गाजावाजा होऊन आलेला, तरी कुरकुर न करता समोरच्या संघाचा सगळ्यात धोकादायक गार्ड अंगावर घ्यायचा. उपांत्य सामन्यात अलाबामाविरुद्ध २१ गुण केले, आणि अंतिम सामन्यात पर्ड्यूला संपूर्ण सामन्यात फक्त सात थ्री मारायला मिळाले, त्यातला एक पडला. त्या वर्षी थ्रीच्या टक्केवारीत पर्ड्यू देशातल्या अगदी वरच्या संघांत होते. त्यांच्या गार्ड्सना मोकळा श्वास घेऊ दिला नाही. ७५-६० ने विजेतेपद.

म्हणजे दुय्यम भूमिका त्याने केलेली आहे, आणि करून जिंकलेला आहे. भूमिका लहान दिली म्हणून पोरगं रुसेल, ही भीती तरी नको.

वसईचा_विंग | १८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

बघा, बचावाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. बचाव उत्तम आहे. माझं म्हणणं एवढंच की चौथ्या क्रमांकावरून तुम्हाला एक उत्तम बचाव करणारा गार्ड मिळाला, त्याला उगाच पार्कर, किड वगैरे करू नका. आठव्या क्रमांकाचा डिलिंगहॅम तर हातात आल्या आल्या मिनेसोटाला देऊन टाकला, त्याच्या बदल्यात २०३१ ची ड्राफ्टची निवड घेतली. माझी मुलगी तोवर दहावीला जाईल.

पहाटेचा_गजर | १८ फेब्रुवारी, रात्री १०:२४

२०३१ साली हा धागा वर काढून तिला वाचायला द्या.

ऑस्टिनची_मेधा | २१ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

नमस्कार मंडळी, एरवी फक्त वाचत असते. आज लिहायलाच हवं.

इकडे फेब्रुवारीत सॅन अँटोनिओच्या मैदानात रोडिओ भरतो, म्हणजे बैल, घोडे, मातीचा थर, सगळा लवाजमा, त्यामुळे स्पर्सना दरवर्षी घर सोडून फिरावं लागतं. त्यातले दोन सामने ते आमच्या ऑस्टिनला, मूडी सेंटरला खेळतात. वेम्बीला बघायचं म्हणून मुलाने महिन्यापूर्वी तिकिटं काढायला लावली होती. आणि सामन्याच्या दिवशीच दुपारी बातमी, उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी, हंगाम संपला. गाडीत मुलगा एक शब्द बोलला नाही.

सामना मात्र जिंकले, फिनिक्सविरुद्ध १२०-१०९. आमच्या जागा बेसलाइनच्या मागे होत्या, त्यामुळे कोच म्हणतात ते पायांचं प्रकरण अगदी समोर दिसलं. कॅसल कोपऱ्यात उभा असला की त्याला राखणाऱ्याच्या टाचा चक्क पट्ट्याच्या आत, त्याच्याकडे पाठच म्हणा ना. टीव्हीवर हे कधी लक्षात येत नाही, कॅमेरा चेंडूमागे असतो. आणि दुसरं, चेंडू थांबला की पॉल त्याच्याशी बोलत असतो. फ्री थ्रो चालू असताना, टाइमआउटला जाताना, सारखं. हाताने दाखवतोय, तू इथे, मी तिथे. पॉलला एवढ्यासाठीच आणलाय असं वाटावं इतकं.

वेम्बी नाही म्हटल्यावर आता 'चेंडू द्यायचा की नाही' हा प्रश्नच बदलला ना?

जुनास्पर्स९९ | २१ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मेधाताई, लिहित्या झालात हे बरं केलंत. बातमी वाचून काल जेवण गेलं नाही. पोर बरं होऊ दे, बास्केटबॉल नंतर.

आणि हो, प्रश्न बदलला. आधी पॉप, म्हणजे पोपोविच, आजारी (नोव्हेंबरातला तो झटका), आता वेम्बी. मिच जॉन्सन बिचारा हंगामी कोच म्हणून काय काय सांभाळणार? आता उरलेले दोन महिने कॅसलला खुलं मैदान द्या. हरलो तरी बिघडत नाही.

अर्धाकोर्ट | २१ फेब्रुवारी, दुपारी २:१०

फॉक्स आहे अजून. तो असेपर्यंत चेंडू त्याचाच.

पहाटेचा_गजर | १४ मार्च, सकाळी ७:००

अर्धाकोर्ट, फॉक्सची बातमी वाचली का? डाव्या हाताची करंगळी, शस्त्रक्रिया, हंगाम संपला. स्पर्सकडून १७ सामने झाले त्याचे.

तिकडे घड्याळं पुढे गेल्यापासून घरचे सामने साडेसहाऐवजी साडेपाचला लागतात. वेम्बी नाही, फॉक्स नाही, आणि मी पहाटे साडेपाचला बदली सेंटर बियोम्बो बघायला उठतोय. बायको माझ्याकडे आता काळजीने बघते.

आकडेमोड | १४ एप्रिल, सकाळी ९:४५

हंगाम संपला, ३४-४८. गेल्या वर्षी २२ विजय होते, म्हणजे बारा जास्त, तेही वेम्बी ४६ सामनेच खेळलेला असताना. आता कॅसलचा हिशेब:

८१ सामने, त्यातले ४७ पहिल्या पाचात. सरासरी १४.७ गुण, ४.१ असिस्ट (गुण करून देणारे पास), ३.७ रिबाउंड (फसलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू). एकूण फटक्यांत ४२.८ टक्के, थ्रीमध्ये २८.५. फ्री थ्रो ७२ च्या आसपास.

गुण शेवटच्या दोन महिन्यांत वाढले हे उघड आहे, पण टक्केवारी त्या मानाने हलली नाही. जास्त चेंडू मिळाला, जास्त मारले. दोन्ही बाजूंना भांडायला पुरेसा दारूगोळा आहे, चालू द्या.

वसईचा_विंग | १४ एप्रिल, सकाळी १०:३०

भांडायचं काय त्यात? घर रिकामं होतं, त्याने पसरून घेतलं. वेम्बी, फॉक्स दोघं असते तर हे १४.७ चे ११ झाले असते आणि कोणी त्याचं नाव काढलं नसतं.

नागपूरकर_कोच | १४ एप्रिल, दुपारी ४:००

रिकाम्या घरात पसरायला मिळालेले नवखे पुष्कळ बघितलेत. त्यातले बरेच जण बचाव सोडून देतात, दमतात, किंवा सगळ्या चेंडूंवर आपला हक्क समजतात. याने ८१ सामने अंग चोरलं नाही. मार्च-एप्रिलच्या थकलेल्या पायांनीही समोरचा चांगला गार्ड तोच घेत होता. मला गुणांपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं, कारण वेम्बी परत आल्यावर गुण कमी होतील, पण हे काम राहील. फॉक्स तब्येतीने बारीक, त्याला मोठ्या गार्डांसमोर उभं करून चालणार नाही. कॅसल शेजारी असला की फॉक्सला लपवता येतं. पहिल्या पाचात त्याची जागा इथूनच पक्की होते, असिस्टवरून नाही.

एक खटकलं तेही लिहितो. चेंडू कोणाकडे द्यायचा हे त्याला दिसतं, पण अर्धा सेकंद उशिरा. कोपऱ्यातला माणूस मोकळा होतो, हा बघतो, एक ड्रिबल घेतो, मग देतो. तोवर बचाव परतलेला असतो. हे शिकता येतं, पण ते चेंडू हातात घेऊन चुका करतच शिकावं लागतं. म्हणून हे दोन महिने वाया गेले असं मी म्हणणार नाही.

पहाटेचा_गजर | ३० एप्रिल, सकाळी ६:१०

कॅसल रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा)!! शंभरातली ब्याण्णव पहिल्या पसंतीची मतं!! वसईकर कुठे आहेत, हजेरी लावा.

वसईचा_विंग | ३० एप्रिल, सकाळी ८:४०

हजर. अभिनंदन. अंतिम तिघांत रिसाशे आणि मेम्फिसचा जेलन वेल्स. वेल्स एकोणचाळिसावा निवडलेला, हंगामाच्या शेवटी हवेतून वाईट पडला, मनगट गेलं. त्याच्याबद्दल वाईट वाटलं. पण कॅसलच व्हायला हवा होता, ते मान्य. गायीबद्दलचं मत कायम आहे. :)

जुनास्पर्स९९ | ३० एप्रिल, सकाळी ९:२०

गेल्या वर्षी वेम्बी, यंदा कॅसल. लागोपाठ दोन वर्षं एकाच संघात हा मान याआधी मिनेसोटात आला होता, विगिन्स आणि टाउन्स. त्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी लगेच ढोल वाजवत नाही. दोन्ही पोरं गुणी होती, पण एकमेकांच्या शेजारी कसं खेळायचं हे कधी जमलंच नाही. आपलीही खरी परीक्षा तीच आहे.

ऑस्टिनची_मेधा | ३ मे, रात्री ८:५५

पॉप थांबले. हंगामी शब्द काढून टाकून मिच जॉन्सन आता पूर्ण वेळ कोच. इकडे रेडिओवर दिवसभर तेच चालू होतं. मुलगा विचारत होता, 'कॅसलला आता कोण ओरडणार?' :)

अर्धाकोर्ट | १३ मे, सकाळी ७:३०

ड्राफ्टच्या क्रमांकांची लॉटरी बघितली? डॅलसला १.८ टक्के शक्यता होती आणि पहिला क्रमांक त्यांना. आपल्याला दुसरा. शिवाय अटलांटाकडून आलेला चौदावा, डेजाँटे मरीच्या व्यवहारातला. (वसईकर, मनापासून धन्यवाद.)

दुसऱ्या क्रमांकावर म्हणजे डिलन हार्पर. रटगर्सचा गार्ड, उंच, डावखुरा, चेंडू हातात घेऊन खेळणारा, आणि त्याचीही खरी परीक्षा बाहेरच्या फटक्याची. आता बोला! धाग्याचं नाव बदलून 'चेंडू एक, गार्ड तीन' करू का?

वसईचा_विंग | १३ मे, सकाळी ८:०५

चौदाव्याबद्दल आमच्या घरात बोलायला बंदी आहे.

हार्पर न घेता ती निवड विकून टाका, असं मी म्हणेन. फॉक्स, कॅसल, हार्पर तिघंही आत घुसणारे. वेम्बीला बाहेर उभं राहून थ्री मारायला लावणार का? यंदा सामन्याला जवळजवळ नऊ मारत होता तो. सव्वासात फुटांचा माणूस रिंगपासून लांब, आणि सहा फुटांचे आत, अशी उलटी दुनिया.

नागपूरकर_कोच | १३ मे, दुपारी ३:१०

नऊ मारू दे की, पस्तीस टक्के पाडतोय. समोरचा सेंटर त्याच्यामागे बाहेर ओढला जातो, आणि मग आत कोणीच उरत नाही. तिथे घुसणारे गार्ड हवेतच. फक्त दोघांपेक्षा जास्त एका वेळी नकोत, आणि उरलेल्या दोघांना डोळे मिटून थ्री पाडता आले पाहिजेत. व्हॅसेल आहे, शँपेनी आहे, बार्न्स आहे. सोहान आणि कॅसल एकत्र मात्र फार वेळ चालणार नाहीत, ते दोघं असले की बचावाचे दोन माणसं फुकट मोकळे.

हार्पर घ्या. ४८ मिनिटांचे दोन गार्ड म्हणजे ९६ मिनिटं. तिघांत सरासरी ३२ येतात. कोणी उपाशी राहत नाही.

अर्धाकोर्ट | २६ जून, सकाळी ७:२०

घेतला हार्पर. आणि चौदाव्यावर कार्टर ब्रायंट, फॉरवर्ड.

आता खरा पेच लिहितो, कारण मैदानावरचा कोचनी सोडवून टाकलाय. फॉक्सचा करार पुढच्या हंगामाअखेर संपतो. या उन्हाळ्यात त्याला मोठी रक्कम मागायचा पूर्ण हक्क आहे, आणि तो मागेल. व्हॅसेलचा करार २०२९ पर्यंत आहे. कॅसल पुढच्या कराराला २०२७ च्या उन्हाळ्यात पात्र होतो, हार्पर त्याच्यानंतर वर्षभराने, आणि या सगळ्यांच्या आधी वेम्बी, ज्याला कोरा धनादेश द्यावा लागणार. तिन्ही गार्ड ठेवायचे तर एक-दोन वर्षंच हे जमतं, ते नवख्यांच्या स्वस्त करारांमुळे. म्हणून माझ्या मते फॉक्सला आत्ता पूर्ण रक्कम देऊ नये. एक हंगाम थांबावं, कॅसलचा थ्री तेहतीसच्या वर जातो का बघावं, मग ठरवावं.

जुनास्पर्स९९ | २६ जून, सकाळी ८:००

थांबलात तर फॉक्स जाईल. हातातला ऑल-स्टार वीस वर्षांच्या पोराच्या थ्रीच्या भरवशावर सोडायचा?

आकडेमोड | २६ जून, सकाळी ८:१२

पैशांचा धागा वेगळा काढा अर्धाकोर्ट, मी तक्ता घेऊन येतो. इथे शंभरी भरायला आली, मोबाइलवर पान उघडायला वेळ लागतोय.

पहाटेचा_गजर | २६ जून, सकाळी ८:१५

आणि कोणीतरी समर लीगच्या भारतीय वेळा टाका. गजर लावायचे आहेत.